फुटरेस्टची दोन रबरं

हिंगोलीकडच्या गोरेगावात माझी पिठाची गिरणी आहे. लाइट दिवसातून दोनदा जाते, कधी तीनदाही. त्या वेळात बाकीचे गिरणीवाले मोबाईल बघतात, नाहीतर वायरमनच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. मी मागच्या खोलीत जाऊन जुन्या मोटारसायकली उघडतो.

सगळ्या नाही. फक्त त्या छोट्या जपानी, शंभर सीसीच्या. आमच्या लहानपणी त्या आपल्याकडे आल्या. तोवर गावात मोटारसायकल म्हणजे म्हशीएवढं धूड, किक मारताना उलटा दणका देणारं. या गाड्या हलक्या, पेट्रोलबरोबर ऑइल पिणाऱ्या, निळा धूर सोडत चढ चढून जाणाऱ्या. आता रस्त्यावर त्या दिसत नाहीत. एखादी गोठ्यात सापडते, एखादी भंगारवाल्याकडे. मी ती आणतो, शेवटच्या नटापर्यंत मोकळी करतो, एकेक भाग डिझेलमध्ये धुतो आणि पुन्हा जोडतो. एका गाडीला तीन महिने लागतात, कधी सहा. लाइट किती जाते त्यावर आहे.

माझा नियम एकच. गाडी कारखान्यातून जशी निघाली तशीच झाली पाहिजे. तोच रंग, तोच आरसा, तोच हॉर्न. एकदा एकानं टाकीवर वाघाचं तोंड काढून मागितलं. मी त्याला गाडीसकट हाकलून दिलं. दुसऱ्यानं सायलेन्सरची जाळी काढून आवाज मोठा करा म्हणून सांगितलं, त्याला तर आत बसूही दिलं नाही. माझा स्वभाव तापट आहे हे गावाला ठाऊक आहे. दळण नेतात, पण गाडीच्या बाबतीत कोणी मला शिकवायला येत नाही.

बायको मात्र कोणाला भीत नाही. "रांगेत वीस डबे लागलेत, बाया ताटकळून राहिल्या, अन् ह्यांना नट घासायचं सुचून राहिलं," असं ती चारचौघींत म्हणते. तिचा दुसरा राग माझ्या पायांवर आहे. गिरणीत मी अनवाणी असतो आणि तसाच घरात जातो. ओटीपासून माठापर्यंत माझी पांढरी पावलं उमटलेली असतात. लक्ष्मीची पावलं म्हण की, असं मी म्हणतो. लक्ष्मी एवढ्या मोठ्या पायाची नसते, असं ती म्हणते.

तर गेल्या दिवाळीनंतर एका दुपारी गिरणीसमोर भाजीचा टेम्पो थांबला. वांग्याच्या कॅरेटमागं एक गाडी आडवी बांधलेली होती आणि तिच्याजवळ कनेरगाव नाक्याचे बांगडीवाले चाचा बसले होते.

चाचांना आमच्या भागात कोण ओळखत नाही? पन्नास वर्षं ते गावोगाव बांगड्या भरत फिरले. माझ्या आईला त्यांनी बांगड्या भरल्या, बहिणीला भरल्या, लग्नात माझ्या बायकोच्या हातात हिरवा चुडाही त्यांनीच चढवला. गाडीच्या दोन्ही बाजूंना लाकडी पेट्या, मागं तिसरी. आमच्या बाजारच्या दिवशी ते नऊ वाजता हजर. मापासाठी बाईचा हात नुसता दाबून बघायचे, नजर समोरच्या रस्त्यावर. "डोळ्यानं माप घेनारा बांगडीवाला कच्चा," म्हणायचे. अंगठ्याखालचं हाड दाबलं की त्यांना कळायचं, सव्वादोन की अडीच. आणि या आमच्या रस्त्यांवरून तीन पेट्या काच नेऊनही चाचांच्या पेटीत फुटकी बांगडी निघायची नाही. हे बाया अजूनही सांगतात.

दहा-बारा वर्षांपूर्वी त्यांचे कान गेले. हळूहळू गेले, पण पार गेले. धंदा सुटला. नाक्यावर मुलाचं किराणा दुकान आहे, त्यात ते बसू लागले. पण गाडी सुटली नाही. नाक्याच्या मागं कच्च्या रस्त्यानं त्यांचं तीन एकर शेत आहे, तिथं ते रोज गाडीवर जायचे. दोन वर्षांपूर्वी गाडी बंद पडली आणि मुलानं ती मुद्दाम दुरुस्त केली नाही. ऐकू न येणारा म्हातारा बाप गाडीवर फिरतो, मागून ट्रॅक्टर आला तर काय, या धाकानं त्याची झोप उडाली होती. त्याचंही चूक नव्हतं. गाडी कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी जाऊन पडली.

आता चाचा ती स्वतः घेऊन आले होते. टेम्पोवाल्यानं आणि मी गाडी खाली उतरवली. सीटवर कोंबड्यांची विष्ठा, टाकीत गंज, पण इंजिनाचा नंबर शाबूत आणि एकही भाग बदललेला नाही. मी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. ती गाडी मला हवीशी वाटली, हे आत्ताच सांगून टाकतो. असली एकहाती वापरलेली, मूळ भागांची गाडी मी आजवर पाहिली नव्हती.

"बेटा," चाचा म्हणाले. बहिऱ्या माणसाचं असतं तसं त्यांचं बोलणं मोठ्यानं होतं, सगळ्या बाजारानं ऐकलं असेल. "हिला चालती कर. बाकी काय बी नको. पोरगा म्हन्तो, समोर चालवून दाखवा. बराबर चालवली तर ठेवा, न्हाई तर इकून टाकू. शेतापर्यंत जायाचं, अजून कुठं जायाचं मला? रोज कोनाच्या तरी मागं बसून जावं लागते. मागं बसून गेलं का मानूस सामान होतो."

मी मान डोलावली, बोटांनी तीन दाखवली, म्हणजे तीन महिने. त्यांनी माझा हात दाबला. माप घेतल्यासारखाच.

ते गेल्यावर मी गाडी नीट पाहिली आणि मला रागच आला. एवढी मूळ गाडी, आणि तिची काय दशा! हँडलच्या मुठी गायब, नुसत्या नळीवर सुतळी गुंडाळलेली. टाकीखालची रबरं नाहीत, टाकी सरळ चासीवर टेकलेली. सीटमधला फोम झिजून पत्रा हाताला लागत होता. आणि फुटरेस्टवर रबर नाहीच. उघडं लोखंड, वर्षानुवर्षांच्या पायांनी घासून आरशासारखं गुळगुळीत झालेलं. चाचा गाडीही अनवाणीच चालवायचे, चपला हँडलला अडकवून. मला वाटलं, म्हातारा कंजूष. चार रबरं टाकायला काय झालं होतं?

त्यांनी सांगितलं होतं, बाकी काय बी नको. पण माझ्या खोलीत आलेली गाडी अर्धवट बाहेर जात नाही. माझी हौस, माझं कौतुक, मी करणार.

सगळा हिवाळा मी त्या गाडीवर घातला. बोअर घासून नवा पिस्टन बसवला. क्रँकचे बेअरिंग बदलून तो वाशीमच्या लेथवाल्याकडून सरळ करून आणला. चाकांचे स्पोक एकेक करून ताणले. टाकी आतून साफ केली, बाहेरून मूळ लाल रंग दिला. सीट नव्या फोमची. सगळी रबरं मिळाली, फक्त फुटरेस्टची मिळेनात. बाजारात नकली मिळतात, पण त्यांच्यावरच्या रेषा आडव्या असतात, मूळ रबरावर तिरप्या. बघणाऱ्याला काय फरक पडतो, असं बायकोनं विचारलं. मला पडतो, असं मी म्हणालो. शेवटी अकोल्याच्या एका जुन्या दुकानदाराच्या माळ्यावर, धुळीच्या पोत्यात, एक जोडी सापडली. कागदाच्या खोक्यात, चाळीस वर्षं न उघडलेली. मी ती छातीशी धरून एसटीनं गावी आणली. साबणाच्या पाण्यात भिजवून, अंगठे दुखेपर्यंत दाबून ती नव्या फुटरेस्टवर चढवली. जुने गुळगुळीत फुटरेस्ट भंगाराच्या डब्यात टाकले. त्या रबरांचा मला इतका अभिमान वाटला की आल्यागेल्याला वाकून ती बघायला लावत होतो.

शिमग्याच्या आधी गाडी तयार झाली. पहिल्या किकला सुरू झाली. मी चालू गाडीच्या सीटवर पाण्यानं भरलेला ग्लास ठेवला, एक थेंब सांडला नाही. दळणाला आलेल्या बाया पदर सावरून बघत होत्या. "लोणी हाय लोणी," मी त्यांना सांगितलं. एक म्हातारी म्हणाली, "लोणी राहू दे, माझी ज्वारी कवा दळतोस ते सांग."

ठरलेल्या दिवशी सकाळी मी ती चालवत कनेरगाव नाक्याला नेली. चाचा दुकानाच्या पायरीवर वाटच बघत होते. गाडीवरून त्यांनी सावकाश हात फिरवला, टाकीवरून, सीटवरून, नव्या मुठींवरून. मी तिथंही ग्लासाचा खेळ करून दाखवला. चाचांनी लहान लेकरागत टाळ्या वाजवल्या. "नवरीवानी सजवली रे," म्हणाले.

त्यांचा मुलगा माझ्याच वयाचा, शांत माणूस. त्यानं मागच्या कच्च्या रस्त्याकडं बोट केलं. लिंबाच्या झाडापर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. समोरच्या चहाच्या टपरीवरची माणसं कप घेऊन उभी राहिली.

चाचांनी चपला काढून हँडलला अडकवल्या, जुन्या सवयीनं. किक मारली, गाडी सुरू झाली. मग ते काही क्षण नुसते बसून राहिले. कशाची तरी वाट बघतात तसे. मूठ पिळली आणि इंजिन किंचाळलं. आम्हाला ऐकू येत होतं, त्यांना नाही. त्यांनी क्लच सोडला, गाडीनं उडी मारली आणि बंद पडली. पुन्हा किक. या वेळी पेट्रोल इतकं कमी दिलं की जागीच बंद पडली. टपरीवर कोणीतरी हसलं. तिसऱ्यांदा निघाले, पण पहिल्याच गिअरमध्ये, इंजिन नुसतं रडत होतं आणि चाचा गिअर टाकत नव्हते. मी ओरडलो, "चाचा, दुसरा टाका!" बहिऱ्याला ओरडून काय उपयोग? लिंबाच्या अलीकडं त्यांनी एकदम दोन गिअर टाकले, गाडीला हिसका बसला आणि ते रस्त्याकडेच्या कडब्याच्या गंजीत जाऊन सावकाश आडवे झाले.

लागलं काही नाही. मुलगा धावत गेला, मी धावत गेलो. सगळ्यात आधी मी गाडी उचलली, हेही सांगून टाकतो. टाकीला ओरखडा आला नव्हता.

चाचा उठले. अंगावरचा कडबा झटकला. चावी काढून त्यांनी स्वतःच मुलाच्या हातात दिली, त्यानं मागायच्या आधी. मग उभ्या उभ्या एक पाय जमिनीवर आपटला, मग दुसरा. खाली वाकून तळवा चोळला. काटा मोडला असेल, असं मला वाटलं. कोणाकडंही न बघता ते दुकानात गेले आणि आतल्या खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडले.

मुलगा म्हणाला, "भाऊ, मला काय आनंद न्हाई झाला. पण बघितलं तुमी. गाडी तुमीच ठेवा. तुमी जीव लावला तिला, दुसऱ्याला कशाला देऊ?"

मी "बघू, विचार करू," असं काहीतरी पुटपुटलो. मला आनंद झाला होता. वरवर तोंड पाडलं आणि आतून मला आनंद झाला होता. वय झालं की सुटतंच सगळं, मी स्वतःला समजावलं. आपण तर गाडी चोख करून दिली होती. आठ दिवसांत व्यवहार झाला, कागदं माझ्या नावावर आली.

त्यानंतरचे महिने सुखाचे होते. लाइट गेली की मी आता खोलीत न बसता ती गाडी काढायचो. सेनगाव रस्त्याला लागायचो. तिसऱ्या गिअरमध्ये, ना जोरात ना हळू, दोन्ही बाजूंना आधी नांगरलेली काळी रानं, मग उगवलेलं सोयाबीन, मग गुडघ्याएवढं सोयाबीन. गाडी पायाखाली आहे हेही कळत नव्हतं. जीपवाले थांबून विचारायचे, कितीची आहे, देता का? मी नाही म्हणायचो आणि नाही म्हणताना फार बरं वाटायचं. कनेरगावच्या बाजूला मात्र मी कधी गेलो नाही.

पावसाळ्यात माझी टाच दुखायला लागली. सकाळी उठून पाय टेकवला की खिळा ठोकल्यासारखी कळ. हिंगोलीच्या डॉक्टरनं तपासलं आणि म्हणाला, दिवसभर फरशीवर अनवाणी उभं राहता, दुसरं काय होणार? त्यानं दोन बोटं जाड, मऊ चपला लिहून दिल्या. बायकोला तर आनंदच झाला. एवढी वर्षं ती सांगत होती ते डॉक्टरनं कागदावर लिहून दिलं होतं. तिनं माझ्यावर पाळतच ठेवली. "पायातून काढल्या तर चहा बंद," म्हणाली.

पोळ्याच्या आधीचे दोन दिवस गिरणीला श्वास घ्यायला फुरसत नसते. पोळीचं गव्हाचं दळण, घराघरातून डबे. मी नव्या चपला घालून उभा होतो. कानात नेहमीचे कापसाचे बोळे, कारण तीस वर्षं त्या आवाजात उभं राहायचं तर दुसरा इलाज नाही. एका बाईशी खुणांनी बोलत होतो, तिचा डबा कोणता ते बघत होतो. इतक्यात बायको आतून हात हलवत धावत आली आणि तिनं खटका पाडला. तेव्हा मला जळका वास आला. वरच्या पेटीतले दाणे कधीच संपले होते आणि दगडावर दगड कोरडाच फिरत होता. दगडांना छिन्नीनं मारलेली टाकी घासून गेली होती, खालच्या पाटीतलं पीठ करड्या रंगाचं झालं होतं.

तीस वर्षांत हे माझ्या हातून कधी झालं नव्हतं. नवशिक्या गिरणीवाल्याची चूक. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. बायको म्हणाली, "काहून हो? आवाज न्हाई आला का?"

"कानात बोळे असतात," मी वसकन म्हणालो. "आवाज कधी येतो मला?"

"मंग रोज कसं कळते?"

रोज कसं कळतं, याचा मी कधी विचारच केला नव्हता. मी चपला काढल्या. बायकोला थांब म्हणून खूण केली, गिरणी रिकामीच क्षणभर चालू केली आणि बंद केली. फरशीतून तळव्यात ती घरघर आली, कोरड्या दगडाची, बारीक, झिणझिणी आणणारी. दाणे असताना ती जाड असते, भरल्या पोटासारखी. तीस वर्षं मी पायानं दळत होतो आणि मला वाटत होतं, अनुभवानं दळतोय.

मग मला चाचांचा जमिनीवर आपटलेला पाय आठवला. आधी डावा, मग उजवा.

बाया दळणासाठी खोळंबल्या होत्या, दगडांना पुन्हा टाकी लावावी लागणार होती, आणि मी मागच्या खोलीत जाऊन त्या लाल गाडीसमोर खाली बसलो. कान गेल्यावर तो माणूस दहा वर्षं कशावर गाडी चालवत होता? उघड्या लोखंडावर. सुतळी गुंडाळलेल्या नळीवर. पत्रा लागणाऱ्या सीटवर. इंजिन कधी रडतं, कधी मरायला लागतं, दुसरा गिअर कधी मागतं, ते सगळं त्यांच्या तळव्यात येत होतं. झिजलेली रबरं त्यांनी पुन्हा टाकली नाहीत, कंजूषपणानं नाही, तर त्यांचं त्यावाचून चांगलं चाललं होतं म्हणून. का चाललं होतं, हे कदाचित त्यांनाही ठाऊक नसेल. मला तरी कुठं ठाऊक होतं? आणि मी येऊन त्यांच्या अंगाखाली, हाताखाली, पायाखाली नवंकोरं मूळ रबर भरलं आणि वर पाण्याचा ग्लास ठेवून सगळ्यांना दाखवला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. लाज वाटली. नुसती लाज नाही, भीतीही वाटली, कारण या सगळ्यात मला हवी होती ती गाडी माझ्याकडं आली होती.

दगडांना टाकी लावून दोन दिवस मी दळणातच काढले. वाटलं, राहू दे, कोणाला कळणार आहे? तिसऱ्या दिवशी पोळा झाला. चौथ्या दिवशी लाइट गेल्यावर भंगाराचा डबा उपडा केला. त्यात ते दोन गुळगुळीत फुटरेस्ट होते. मी काहीच फेकत नाही म्हणून बायको बोल लावते, त्या दिवशी तिला ते काढून दाखवले. तिला सगळं सांगितलं. तिनं माझी टर उडवली नाही. "मंग बसून काहून राहिले?" एवढंच म्हणाली.

फुटरेस्ट अख्खे बदलता आले असते, रबरं वाचली असती. पण मला ती वाचवायची नव्हती. दाढीचं ब्लेड घेऊन ती उभी कापली. पहिला काप देताना हात थांबला, खोटं कशाला सांगू? मग जुने फुटरेस्ट बसवले, मुठी ओढून काढल्या, टाकीखालची रबरं काढली, सीटचा फोम उतरवून पत्र्यावर नुसतं कातडं ओढलं. जन्मात पहिल्यांदा मी एक चांगली गाडी बिघडवली.

कनेरगावला जाताना सगळा रस्ता गाडी अंगात थरथरत होती. पाऊस आठ दिवस उघडला होता. चाचा दुकानात खुर्चीवर बसून तांदूळ निवडत होते. फार उतरलेले दिसले. मुलगा म्हणाला, आता ते शेतातही जात नाहीत, मागं बसून नेतो म्हटलं तरी नाही म्हणतात. चालताना भिंत धरतात.

मुलाला मी जे झालं ते सांगितलं. चूक माझी होती, असं स्पष्ट म्हणालो. चाचांना कसं सांगणार? त्यांना मराठी वाचता येत नाही आणि मला उर्दू लिहिता येत नाही. मी कापलेली दोन रबरं त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली, अंगठ्यानं दाबली, माप घ्यायचे तशी. मग बाहेर येऊन गाडीच्या फुटरेस्टकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी छातीला हात लावला आणि मान खाली घातली.

मुलानं चावी त्यांच्यासमोर धरली. लिंबापर्यंतच, अशी बोटानं खूण केली.

चाचांनी चपला हँडलला अडकवल्या. किक मारली. उघड्या लोखंडावर पाय ठेवले आणि त्यांचा चेहरा बदलला. गाडी निघाली. मी डोळे मिटून ऐकत होतो. पहिला गिअर, इंजिन चढलं, आणि जिथं चढायचं थांबायला हवं तिथंच दुसरा. मग तिसरा, नेमका. चिखलाच्या खड्ड्याशी पुन्हा दुसरा. माझे कान चांगले आहेत, पण मी इतके नेमके गिअर टाकत नाही. ते लिंबापाशी वळले नाहीत. सरळ शेतापर्यंत गेले, बांधावर वळले आणि परत आले. टपरीवर कोणी हसलं नाही.

दुकानासमोर थांबून ते खाली उतरेनात, गाडी बंदही करेनात. पाय तसेच लोखंडावर दाबून बसले होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसतही नव्हते. मग त्यांच्या त्या मोठ्या आवाजात, सगळ्या नाक्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "मला वाटलं रे बेटा, कानामागून पाय बी मेले."

मुलानं तोंड फिरवलं. गाडीची कागदं पिशवीत आणली होती, ती मी गल्ल्यावर ठेवली आणि जीपची वाट बघत रस्त्यावर जाऊन उभा राहिलो.

शिमग्यापासून पोळ्यापर्यंत तो माणूस आपले पाय मेले समजून भिंत धरून चालत होता. त्या सगळ्या दिवसांत मी त्याच्याच गाडीवर सेनगाव रस्त्यानं फिरत होतो, आणि गाडी पायाखाली कळतसुद्धा नाही म्हणून खूष होतो.